मेजावरचे माथेरान

विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती मांडलेली तुम्ही पाहिलीच असेल. हिरव्या भुशाचे माळरान, काडीला कापूस चिकटवून केलेली झाडे, तळ्याच्या जागी आरशाचा तुकडा, काड्यापेट्यांचे स्टेशन आणि या सगळ्याभोवती गरगर फिरणारी छोटी गाडी! गाडी बहुधा विकत आणलेली असते आणि ती खऱ्या गाडीसारखी हुबेहूब असते. पण सगळे मिळून पाहिले की ते खेळणेच वाटते. अशा प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला बरेचदा येतो. तेथे मी मुलांना एक ठरलेला प्रश्न विचारतो : "हे आंब्याचे झाड किती उंच आहे?" उत्तर चटकन येते, "सर, सहा सेंटिमीटर." मग मी विचारतो, "म्हणजे खरे झाड किती उंच झाले?" येथे मात्र शांतता पसरते.

हिशेब करून पाहा. बाजारात मिळणाऱ्या छोट्या गाड्यांपैकी सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. म्हणजे खऱ्या वस्तूची ८७ सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होते. सहा सेंटिमीटरांचे झाड खऱ्या जगात ५ मीटर २२ सेंटिमीटरांचे झाले. हा आंबा नव्हे, फार तर परसातला पेरू! चांगला वाढलेला आंबा १५ मीटर उंच धरला तर प्रतिकृतीत तो १७ सेंटिमीटरांचा हवा. गाडीशेजारी तो ठेवून पाहा. गाडी एकदम लहान दिसू लागते. खऱ्या आंब्याखाली खरी गाडीही तशीच दिसते.

देखावा खरा वाटणे ही काही हातचलाखी नाही. त्यामागे भूमिती आहे, प्रकाशशास्त्र आहे आणि थोडे भूशास्त्रही आहे. हे सर्व नीट समजावे म्हणून आपण एक ठरावीक रेल्वेमार्ग डोळ्यांसमोर ठेवू. तो म्हणजे १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान ही डोंगरी गाडी. रुळांमधले अंतर अवघे ६१० मिलिमीटर, लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी चिमुकली स्थानके.

आधी भागाकार

पहिला धक्का लांबीचा बसतो. २१ किलोमीटरांना ८७ ने भागले की २४१ मीटर येतात. गाडी सातशेहून अधिक मीटर चढते. म्हणजे प्रतिकृतीची उंची आठ मीटर, शाळेच्या दुमजली इमारतीएवढी! अशी जागा कोणाकडेच नसते. तेव्हा संपूर्ण मार्ग करायचा मोह सोडा आणि एकच प्रसंग निवडा : एक स्थानक, त्यामागचा कातळ, एक वळण आणि ज्या घळीतून पावसाळ्यात ओढा उतरतो ती घळ. एक मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद फळीवर ८७ मीटर × ५२ मीटर एवढे खरे जग मावते. एका छोट्या स्थानकाला ते पुरे आहे.

दुसरी अडचण रुळांची. ६१० मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे बरोबर ७ मिलिमीटर. पण तयार रूळ मिळतात ते ९ किंवा ६.५ मिलिमीटर अंतराचे. ६.५ मिलिमीटरांचा रूळ खऱ्या जगात ५६५ मिलिमीटरांचा ठरतो, आणि ९ चा ७८३ चा. पहिला थोडा अरुंद, दुसरा फारच रुंद. ज्यांना ९ मिलिमीटरांवरच गाडी चालवायची असेल त्यांनी सगळा देखावाच १:६८ या प्रमाणात करावा, म्हणजे मेळ बसेल. (विदर्भातील 'शकुंतला' किंवा जुनी बार्शी लाइट रेल्वे यांचे रूळ ७६२ मिलिमीटरांचे होते. ते करू पाहणारे भाग्यवान. त्यांना १:८७ ला ९ मिलिमीटरांचा रूळ जवळजवळ अचूक बसतो.) शाळेच्या प्रदर्शनासाठी माझे मत विचाराल तर गाडी उभीच ठेवा. गाडी फिरली की लोक गाडीकडे पाहतात. उभी असली की स्थानकाकडे पाहतात, आणि आपल्याला तर स्थानकच दाखवायचे आहे.

भागाकार करताना एक गोष्ट मनात पक्की असू द्या. लांबी ८७ पट घटते, पण क्षेत्रफळ ८७ × ८७ म्हणजे ७,५६९ पट आणि आकारमान साडेसहा लाखांहून अधिक पट घटते. साठ किलोचा प्रवासी प्रतिकृतीत दशांश ग्रॅमाहूनही हलका होतो. म्हणूनच स्थानकमास्तरांच्या अंगणात दोरीवर कापडाचा खरा तुकडा धोतर म्हणून वाळत घातला, तर तो पुठ्ठ्यासारखा ताठ राहतो. कापड खाली ओढायला वजनच नाही! पातळ कागद पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून, बोटांनी चुण्या पाडून वाळवला की धोतर पडल्यासारखे दिसते.

लांबी, क्षेत्रफळ, वजन सगळे बदलत असताना कोन मात्र बदलत नाही. छपराचा उतार, डोंगराच्या पायथ्याशी साचलेल्या दगडमातीचा उतार, रुळांचा चढ हे सगळे खऱ्या जगात जेवढे, तेवढेच मेजावर. माथेरानच्या मार्गाचा तीव्र चढ २० ला १ आहे. म्हणजे मेजावरही एका मीटरला पाचच सेंटिमीटर चढायचे. मुले हौसेने वीस-वीस सेंटिमीटर चढवतात आणि गाडी शिडी चढत असल्याचा भास होतो. कोनमापक आणि ओळंबा बांधलेला दोरा एवढे साहित्य घेऊन तुमच्या गावातली पाच-सहा छपरे मोजून पाहा. उताराचा अंदाज डोळ्याने करताना माणूस किती फसतो हे तेव्हा कळेल.

चव्वेचाळीस मीटरांवरून

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रतिकृती आपण साधारण ५० सेंटिमीटरांवरून पाहतो. या अंतरालाही ८७ ने गुणा. ४३.५ मीटर! म्हणजे मेजावरचे स्थानक पाहताना तुम्ही जणू खऱ्या स्थानकापासून ४४ मीटरांवर उभे आहात. तेव्हा खऱ्या स्थानकापासून तेवढ्या अंतरावर उभे राहून जे दिसते तेच करायचे. जे दिसत नाही ते करायचे नाही, आणि केले तर देखावा बिघडतो.

निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनापर्यंतचे दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. ५० सेंटिमीटरांवर हा कोन ०.१४५ मिलिमीटर एवढा होतो. त्याला ८७ ने गुणले की सुमारे १३ मिलिमीटर येतात. याचा अर्थ, खऱ्या भिंतीवरचा १३ मिलिमीटरांहून लहान तपशील प्रतिकृतीत दाखवण्याची गरज नाही.

विटांची भिंत घ्या. वीट आणि तिच्यावरची दर्ज मिळून एक थर साधारण साडेआठ सेंटिमीटरांचा असतो. प्रतिकृतीत तो १ मिलिमीटरांचा होईल आणि दिसेल. पण एक सेंटिमीटरांची दर्ज फक्त ०.११ मिलिमीटरांची होते. डोळा तिची जाडी ओळखू शकत नाही. म्हणून पुठ्ठ्यावर टोकदार कठीण पेन्सिलीने एकेक मिलिमीटरावर हलकी रेघ ओढा, पांढऱ्या रंगाच्या दर्जा भरू नका. बहुतेक प्रदर्शनांतली स्थानके खेळण्यातली वाटतात याला या पांढऱ्या दर्जाच कारण असतात. त्या ०.५ मिलिमीटरांच्या असतात. म्हणजे गवंड्याने दोन विटांमध्ये चांगला साडेचार सेंटिमीटर चुना कोंबला!

रंगाच्या थराचेही तेच. ब्रशने फासलेला जाड रंग ०.१ मिलिमीटरांचा असतो, आणि ८७ ने गुणल्यावर तो नऊ मिलिमीटरांचा गिलावा ठरतो. खिडक्यांच्या बारीक कडा त्यात बुजून जातात. रंग पातळ करून दोन-तीनदा द्यावा.

येथे एका प्रचलित समजुतीबद्दल लिहायला हवे. या छंदावरील पुस्तकांत 'प्रतिकृतीचे रंग फिके करा, कारण मधल्या हवेमुळे दूरच्या वस्तू फिक्या दिसतात' असा सल्ला आढळतो. सल्ला बरोबर आहे, पण दिलेले कारण पटणारे नाही. स्वच्छ दिवशी २० किलोमीटरांपर्यंतचे दिसत असेल, तर त्या हिशेबाने ४४ मीटर हवेत रंगांमधील भेद शेकडा एकानेही कमी होत नाही. एवढा फरक कोणाच्या डोळ्याला कळणार? खरे कारण दुसरे आहे. उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर खोलीत काही शे लक्स. मंद प्रकाशात रंगांची झळाळी कमी होते आणि गडद छटा काळवंडून एकमेकींत मिसळतात. शिवाय खरी भिंत धुळीने, उन्हाने विटलेली असते. डबीतला रंग नवाकोरा असतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा आणि किंचित मातकट रंग मिसळा.

मागच्या पडद्यावरच्या डोंगरांची गोष्ट मात्र वेगळी. पाच किलोमीटरांवरची डोंगररांग रंगवत असाल तर तेथे हवा खरोखरच काम करते. वरच्याच हिशेबाने डोंगर आणि आकाश यांतला मूळ भेद शेकडा ३८ एवढाच उरतो, आणि हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून रांग निळसर दिसते. जवळचा डोंगर हिरवा-तपकिरी, त्यामागचा करडा-निळा, त्यामागचा जवळजवळ आकाशाच्याच रंगाचा, अशा तीन पट्ट्या पुरतात. पडद्यावर झाडे, घरे, पक्षी असे काही काढू नका.

भिंत आणि पागोळ्या

इमारतीचे माप घ्यायला शिडी लागत नाही. भिंतीला मीटरपट्टी टेकवून ठेवा आणि शक्य तेवढे दूर जाऊन, भिंतीच्या बरोबर समोरून छायाचित्र काढा. जवळून काढले तर वरचा भाग निमुळता होतो. छायाचित्रातली पट्टी मोजली की बाकीची मापे त्रैराशिकाने निघतात. पट्टी नसेल तर विटांचे थर मोजा, आणि एक थर हातात येईल तेथे मोजून गुणाकार करा. दरवाजा २ मीटर १० सेंटिमीटरांचा आला तर प्रतिकृतीत २४ मिलिमीटर. उभा माणूस १९ मिलिमीटरांचा. सगळे आकडे एका वहीत मांडा, मगच पुठ्ठ्याला ब्लेड लावा. ब्लेड धातूच्या पट्टीच्या आधाराने चालवायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच्या वाटेत ठेवायची नाहीत, हे सांगायला नको.

छपरासाठी पन्हळी पत्रा हवा असेल तर त्याच्या एका पन्हळीची रुंदी असते सुमारे ७६ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ०.९ मिलिमीटर. खोक्याच्या पुठ्ठ्यातली पन्हळ याच्या कितीतरी पट मोठी असते, ती वापरू नका. चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद बारीक दात्यांच्या फणीवर ठेवून बोथट काडीने घासा. फणी निवडताना एका सेंटिमीटरात अकरा-बारा दाते आहेत ना, हे मोजा. मंगलोरी कौले असतील तर आणखी सोपे : कौल सुमारे ४१ × २३ सेंटिमीटरांचे असते, पण दिसणारा भाग त्याहून कमी, कारण ती एकमेकांवर चढवलेली असतात. कागदाच्या चार-चार मिलिमीटर रुंद पट्ट्या एकीवर एक सरकवून चिकटवल्या की पुरे. वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर जी बारीक सावली पाडते, तिनेच छप्पर कौलारू दिसते.

आता इमारत जुनी करायची. घाटातल्या स्थानकावर पाऊस पडतो, पागोळ्या खाली आपटतात, तांबडी माती उडते आणि भिंतीच्या पायाशी तांबूस पट्टा उठतो. पाऊस थांबल्यावर कोणतीही पांढरी भिंत पाहा. हा पट्टा साधारण गुडघ्याएवढा उंच असतो आणि वर जाताना विरत जातो. प्रतिकृतीत तो पाच मिलिमीटरांचा. विटांच्या वस्त्रगाळ भुकटीत कोरडा ब्रश बुडवून खालून वर हलकेच फिरवा. पत्र्यावरचा गंज खिळ्यांच्या डोक्यांपासून आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या कडांपासून सुरू होतो, कारण पाणी तेथे साचून राहते, आणि तो उताराच्या दिशेने ओघळतो. छपरावर भलतीकडेच तांबडे ठिपके मारले तर पत्र्याला गोवर आल्यासारखा दिसतो. डाग कोठे पडेल हे पाणी ठरवते. पाण्याची वाट मनाने शोधायची आणि मग ब्रश उचलायचा.

हे सगळे करून ठेवण्याला छंदापलीकडेही मोल आहे. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतली जुनी गवती छपरांची घरे त्याला फार आवडली, आणि ती मोडून नवी बांधली जात आहेत हेही त्याला दिसले. तो घरे मोजू लागला, टिपू लागला आणि १:७६ या प्रमाणात पुठ्ठ्याची बनवू लागला. त्यातून १९५४ साली लाँग विटनहॅम या गावी पेंडन संग्रहालय उभे राहिले. तेथे १९२०-३० च्या सुमाराचा तो मुलूख रेल्वेसकट पाहायला मिळतो. त्यातली कित्येक घरे आज मूळ रूपात उरलेली नाहीत. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला १९९८ पासून लघुरेल्वेचे एक संग्रहालय आहे. सहलीला जाल तेव्हा तेथल्या गाड्यांइतकेच तेथल्या घरांकडे आणि रस्त्यांकडेही पाहा. बार्शीची अरुंद लाइन रुंद झाली, शकुंतला थांबली. त्यांच्या स्थानकांची मापे कोणी घेतली असतील तर ती आज किती मोलाची ठरतील!

कातळ, माती आणि एक चुंबक

डोंगर म्हणून कागदाचा चोळामोळा करून रंगवण्याची चाल फार रूढ आहे. त्यातून कोणता तरी डोंगर होतो, पण सह्याद्री होत नाही. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे आणि हे थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी पायऱ्यांची रचना दुरूनही ओळखू येते. आणि माथेरानच्या माथ्यावर काळ्या बेसॉल्टऐवजी तांबडा जांभा आहे. म्हणून कोणी खाली नेरळच्या बाजूला तांबडा कातळ आणि वर काळा दाखवला, तर तो माथेरानचा डोंगर उलटा टांगल्यासारखे होईल.

महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे. त्याची गरजही नाही. खोक्यांचा पाच मिलिमीटर जाड पुठ्ठा आडवा ठेवून एकावर एक थर चिकटवा. एक थर म्हणजे खरे ४३ सेंटिमीटर. पंधरा मीटरांच्या कड्याला १७ सेंटिमीटर, म्हणजे चौतीस-पस्तीस थर लागतील. कडा कात्रीने न कापता हाताने फाडा. त्यावर कागदाचा लगदा किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस लावा. प्लॅस्टर पाण्याशी संयोग पावून पुन्हा जिप्सम बनते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. घट्ट होताना भांडे कोमट लागेल. जाड गोळ्यात हात बुडवून ठेवू नका, कारण ती उष्णता भाजण्याइतकी वाढू शकते. उरलेले प्लॅस्टर मोरीत ओतू नका, मोरी बुजेल.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग ठिकठिकाणी खचला आणि २००७ पर्यंत गाडी बंद होती. तेव्हा तुमच्या प्रतिकृतीत रुळांच्या डोंगराकडच्या बाजूला गटार, घळीच्या तोंडाशी मोरी आणि दरीच्या बाजूला दगडी आधारभिंत जरूर दाखवा. या नसत्या तर घाटातला रूळ एक पावसाळाही टिकला नसता, आणि जाणकार पाहणाऱ्याची नजर आधी तेथेच जाते.

रुळांखालची खडी हा नेहमीचा फसण्याचा मुद्दा. खरी खडी पाच सेंटिमीटरांची धरली तर प्रतिकृतीत ०.६ मिलिमीटर. बांधकामाची वाळू तशीच टाकली तर रुळांत नारळाएवढे धोंडे पडतात. दोन चाळण्या घ्या : एकीची भोके पाऊण मिलिमीटराची, दुसरीची अर्ध्या मिलिमीटराची. चहाच्या जाळीच्या एका सेंटिमीटरात किती तारा आहेत हे भिंगातून मोजले की भोकाचा अंदाज येतो. पहिलीतून पडलेली आणि दुसरीवर राहिलेली वाळू आपली.

ही वाळू वापरण्याआधी तिच्यावरून कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवा. काळे कण कागदाला चिकटून उभे राहतील. बेसॉल्टच्या वाळूत मॅग्नेटाइट हे चुंबकाकडे ओढले जाणारे लोहखनिज असते. हे कण तसेच राहिले तर चालत्या इंजिनाच्या मोटरमधला चुंबक ते आत ओढून घेतो आणि मोटर अडकते. काढलेले कण टाकू नका. वर्गात चुंबकरेषा दाखवायला ते उपयोगी पडतात.

खडी पसरून झाली की ती चिकटवायची. फेव्हिकॉलमध्ये दुप्पट पाणी घालून थेंब सोडला, की तो कोरड्या वाळूवर मोत्यासारखा बसून राहतो आणि वाळूचे कणच त्याच्या अंगावर चढतात. हा पृष्ठताणाचा प्रताप! त्या मिश्रणात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब घाला. पृष्ठताण कमी होतो आणि तोच थेंब क्षणात खडीत जिरतो. साबण असलेला आणि नसलेला, असे दोन थेंब शेजारी शेजारी टाकून दाखवा. प्रदर्शनात एवढा एक प्रयोगसुद्धा पाहण्यासारखा आहे.

झाडे

निकामी झालेल्या विजेच्या वायरमधली तांब्याची बारीक तार झाडासाठी फार चांगली. (वायर बोर्डातून पूर्ण सुटलेली असावी.) पन्नास-साठ तारा एकत्र पिळून बुंधा करा, मग त्यांचे तीन गट, प्रत्येक गटाचे पुन्हा दोन-तीन, असे शेवटी एकेक तार उरेपर्यंत पिळत जा. लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या टिपणांत एक निरीक्षण नोंदवले आहे : एखाद्या उंचीवरच्या सगळ्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती बुंध्याच्या जाडीएवढी भरते. येथे जाडी म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ. तारांच्या झाडात हा नियम आपोआप पाळला जातो, कारण बुंध्यातली प्रत्येक तार शेवटच्या डहाळीपर्यंत जाते. काडी आणि कापसाचे झाड झाड का वाटत नाही, हे आता लक्षात आले असेल.

पानासाठी बारीक चाळलेला लाकडाचा भुसा. दहा सेंटिमीटरांचे पान १.१ मिलिमीटरांचे होते. भुसा रंगवताना बाटलीतला हिरवा रंग एकटा कधीच वापरू नका. अंगणातले पान तोडून हिरव्या रंगाच्या बाटलीशेजारी धरा. पानात पिवळा किती आणि तपकिरी किती ते दिसेल. तीन वेगवेगळ्या छटा करा. उजळ छटा झाडाच्या वरच्या बाजूला आणि गडद खाली लावली की उन्हाचा भास होतो.

पाणी हट्टी आहे

खरा धबधबा दाखवण्यासाठी काही जण लहान पंप लावून खरे पाणी सोडतात. येथे मात्र निसर्ग आपले ऐकत नाही. पावसाचा तीन मिलिमीटरांचा थेंब प्रतिकृतीच्या जगात २६ सेंटिमीटरांचा, फुटबॉलहून मोठा होतो. पृष्ठताण काही ८७ पट घटत नाही! पडण्याचा वेळही चुकतो. १०० मीटरांच्या कड्यावरून पाणी पडायला, हवेचा विरोध सोडून, साडेचार सेकंद लागतात. प्रतिकृतीतल्या ११५ सेंटिमीटरांवरून अर्ध्या सेकंदातच पडते. गुणोत्तर ८७ च्या वर्गमूळाएवढे, सुमारे ९.३ येते. म्हणून प्रतिकृतीतले खरे पाणी घाईघाईने पडल्यासारखे दिसते. चित्रपटात पुराचे दृश्य छोट्या प्रतिकृतीवर चित्रित करायचे असेल तर कॅमेरा जलद चालवून नंतर दृश्य संथ दाखवतात, ते याच कारणाने. आपण पारदर्शक गोंदाचे धागे काचेवर ओढावेत, वाळल्यावर सोलून कातळावर चिकटवावेत आणि फेसाच्या जागी थोडा पांढरा रंग टेकवावा.

सूर्य कोठे टांगायचा?

इतके सगळे करून प्रतिकृती ट्यूबलाइटखाली ठेवली की ती सपाट दिसते. उन्हातल्या सावल्यांना धारदार कड असते, कारण सूर्य त्याच्या व्यासाच्या १०८ पट अंतरावर आहे. हेच प्रमाण आपल्या दिव्याला लावा. प्रकाश देणारा भाग एक सेंटिमीटर रुंद असेल तर तो १०८ सेंटिमीटरांवर, दोन सेंटिमीटर असेल तर सव्वादोन मीटरांवर हवा. १२० सेंटिमीटरांची ट्यूब मात्र १३० मीटर दूर टांगावी लागेल, म्हणजे शाळेच्या मैदानापलीकडे! तेव्हा एकच लहान, प्रखर एलईडी दिवा दोनेक मीटरांवर, थोडा बाजूला आणि वर लावा. तो फार जवळ आणला तर फळीच्या दोन टोकांच्या सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडतात, आणि आकाशात दोन सूर्य असल्याचा भास होतो. खोलीतला मंद प्रकाश आकाशाच्या उजेडाचे काम करील. त्यासाठी समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावला तरी चालेल.

फळी किती उंचीवर ठेवावी, हेही ठरवून टाका. साध्या मेजावर ठेवली तर पाहणाऱ्याचा डोळा रुळांच्या ६० सेंटिमीटर वर, म्हणजे खऱ्या जगात ५२ मीटर उंचावर असतो. विमानातून कोणी स्थानक पाहत नाही. मेजाखाली विटा किंवा खोकी लावून फळी बघणाऱ्याच्या छातीपर्यंत आणा. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी शेजारी एक पाटी-फळी उभे राहायला ठेवा. कॅलिफोर्नियातील जॉन अ‍ॅलन या प्रसिद्ध कारागिराने आपल्या रेल्वेत आरसे आणि मागे-मागे लहान होत जाणारी घरे वापरून खोली मोठी भासवली होती. तुम्हालाही एक घर १:१६० या प्रमाणात करून कातळाच्या वरच्या कडेला ठेवता येईल. समोरचे घर ५० सेंटिमीटरांवर म्हणजे ४४ मीटर दूर भासते. मागचे फक्त दहा सेंटिमीटर पलीकडे आहे, पण ६० × १६० म्हणजे ९६ मीटर दूर भासते.

शेवटी माणसे आणि घोडे. माथेरानात दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी आहे, तेव्हा फलाटाबाहेर खेळण्यातली मोटार उभी करू नका; घोडा आणि हमाल दाखवा. माणसे थोडीच असावीत, आणि चालण्याच्या पवित्र्यात गोठलेली नकोत. बसलेला, टेकून उभा असलेला, वाट पाहणारा माणूस कितीही वेळ तसाच राहिला तरी खरा वाटतो.

तयार झाल्यावर मोबाइलचा कॅमेरा फलाटाच्या पातळीला, १९ मिलिमीटरांच्या माणसाच्या डोळ्याशी आणून एक छायाचित्र घ्या आणि ते आधी काही न सांगता मित्राला दाखवा. तो चित्रात पहिले बोट जेथे ठेवील, तेथे काम बाकी आहे. मापांच्या वहीत तारीख, मोजणाऱ्यांची नावे, प्रमाण आणि प्रत्येक छायाचित्राची जागा लिहून तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला तुमच्या शिक्षकांना सांगा. प्रदर्शन संपल्यावर पुठ्ठ्याचे स्थानक कसरीच्या भक्ष्यस्थानी पडले, तरी ती वही पाहून पुढच्या वर्षीच्या मुलांना ते पुन्हा बांधता येईल.